धाकूनानांच्या होडीतला मास्तरांचा वाटा

पूर्णगडच्या गाडीच्या कंडक्टरने रत्नागिरी स्टँडवर मला हाक मारली, तेव्हा मी पतपेढीत कामावर निघालो होतो. नोकरी लागून अजून महिना झाला नव्हता. जुलैचा पाऊस पडत होता, छत्री वाऱ्याने उलटी होत होती, म्हणून त्याची हाक आधी ऐकूच आली नाही. तो गाडीतून खाली उतरून माझ्यापर्यंत आला. म्हणाला, "तुमच्या बाबांचा निरोप आहे. नाना गेले. धावत येऊ नको म्हणालेत… पण ये." एवढं सांगून त्याने तिकिटांची पेटी काखेत मारली आणि तो चहा प्यायला गेला. मी त्याच गाडीच्या परतीच्या फेरीत बसलो. खिडकीची झडप खाली ओढलेली, बाहेरचं काही दिसत नव्हतं. पूर्ण रस्ताभर मला एकच प्रश्न पडला होता, आणि तो नानांच्या जाण्याचा नव्हता याची मला लाज वाटत होती. प्रश्न होता : आता मास्तरांच्या वाट्याचं काय होणार?

धाकूनाना आमच्या गावचे तांडेल. म्हणजे होडीचा प्रमुख, सुकाणूवर बसणारा माणूस. माझे बाबा त्यांच्या होडीवर पंचवीस वर्षं खलाशी होते. माझ्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. मी यंदा पदवीधर झालो. या दोन गोष्टींच्या मध्ये धाकूनाना उभे आहेत, आणि त्यांच्याबरोबर समुद्राला घाबरणारा एक क्रिकेटचा मास्तर. ते कसं, हे सांगायलाच लिहायला बसलो आहे.

मुंबईत गिरण्यांचा संप झाला आणि गावोगावची माणसं परत आली, त्यांत वसंत मास्तर होते. त्यांचं गाव आमच्यापासून दीड कोस आत, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या पठाराच्या पलीकडे. घर शेतकऱ्याचं, गळ्यात माळ, अंगाने काटकुळे. गिरणीत साच्यावर काम करायचे आणि गिरणीच्या संघातून खेळायचे. संप लांबला तसे ते कंटाळून आमच्या शाळेमागच्या सड्यावर येऊन पोरांचा खेळ बघत उभे राहू लागले. आम्ही रबरी चेंडूने खेळायचो. एके दिवशी त्यांनी पिशवीतून खरा शिवणीचा चेंडू काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो हुंगला होता, एवढं आठवतं. आठवडाभरात आम्ही वीसेक पोरं त्यांच्या शब्दावर उठू-बसू लागलो. त्यांची अट एकच होती. सकाळी साडेसहाला सरावाला यायचं ते दप्तर घेऊन, आणि सराव संपला की तसंच शाळेत जायचं. ज्याचं दप्तर नाही त्याला चेंडू नाही.

आमच्याकडे पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की शाळेतून हळूहळू गळायचा. आधी सोमवारी जात नाही, मग बाजारच्या दिवशी जात नाही, आणि एक दिवस होडीत दिसतो. नानांना हे माहीत होतं, कारण अशी पोरं त्यांच्याच होडीत यायची. क्रिकेटमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते एकदा जुनी जाळी वाळत घालायला सड्यावर आले आणि मास्तर आम्हाला रांगेत उभं करून झेल देत होते ते बघत तासभर बसले. खाली उतरताना बाबांना म्हणाले, "पांडू, ह्या मानसानं एक शब्द उच्चारला की ईस पोरं गप. आन् माजं सात खलाशी माजं ऐकत न्हायत!" दुसऱ्या दिवशी त्यांनी ती जुनी जाळी आम्हालाच दिली. सड्याच्या कातळात खांब रोवता येत नाहीत, म्हणून चिऱ्यांच्या ढिगात बांबू उभे केले आणि त्यांवर ती जाळी ताणली. फाटलेल्या जागा नानांनी स्वतः विणून दिल्या. चेंडू अडवणारं तसलं जाळं जिल्ह्यात कुठे नसेल. त्याला बांगड्यांचा वास यायचा.

पण मास्तर किती दिवस फुकट शिकवणार? घरची शेती चार माणसांना पुरेल एवढी, खाणारी सात. दिवाळीनंतर ते मुंबईला परत जायचं बोलू लागले. शाळेकडे पैसे नव्हते. ग्रामपंचायतीने ठराव केला आणि ठराव फाइलीत गेला. तेव्हा नानांनी जे केलं, ते त्यांनाच सुचू शकलं असतं. आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, आणि मग प्रत्येक खलाशाचा एक. नानांनी एके संध्याकाळी सगळे वाटे लावून झाल्यावर वाळूवर आणखी एक ढीग केला. कुणीतरी विचारलं, "ह्यो कुनाचा?" नाना म्हणाले, "मास्तरांचा. आजपासून त्ये आपले आठवे खलाशी."

सगळे हसले. मासे न खाणाऱ्या माळकऱ्याला माशांचा वाटा! नानांच्या पत्नी सुंदरकाकी तो वाटा आपल्या टोपलीबरोबर विकायच्या आणि पैसे रुमालात बांधून वर धाडायच्या. मास्तर तो रुमाल धुऊन, घडी घालून परत पाठवायचे. काकी म्हणायच्या, "माज्या रुमालाला माशाचा वास लागला तर मास्तरांची माळ तुटंल काय रे?" असं हसतखेळत ते वर्ष गेलं. नानांचं बघून आणखी दोन होड्यांनी पंधरवड्यातून एक टोपली द्यायला सुरुवात केली. मास्तर राहिले. मी लेगस्पिन टाकायला शिकलो आणि दहावीत गेलो. घरात दहावीत गेलेला मी पहिलाच.

त्या जूनमध्ये आपण विश्वचषक जिंकला. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, माडाच्या झापांनी शाकारलेल्या, आणि आख्खं गाव एका रेडिओभोवती. दुसऱ्या दिवशी सड्यावर साठ पोरं आली. पण त्याच पावसाळ्यात घराघरांत कुरबुर सुरू झाली होती, कारण मागचा मोसम कमी गेला होता. मासळी कमी, वाटे लहान, आणि त्यातला एक वर सड्यावर चाललेला. सगळ्यांत उघड बोलले ते माझे बाबा. नारळी पौर्णिमेला आठ दिवस असताना नानांच्या पडवीत सगळे खलाशी बसले होते. मी दाराशी होतो.

बाबा म्हणाले, "नाना, दान करायचं तर तुमच्या वाट्यातून करा. वाटा म्हंजे दान न्हाय. होडीत पाय ठेवतो, त्याला वाटा. रिवाज तुमीच आमाला शिकवलात."

नाना म्हणाले, "कुटला रिवाज?"

"पुनवेच्या पयल्या फेरीला जो होडीत न्हाय, त्याला मोसमाचा वाटा न्हाय. आमच्यातलं कुनी तापानं फणफणत असलं तरी येतं ना? मंग मास्तर खलाशी हायत तर येऊ देत."

बाबांचं चुकत नव्हतं. दोरांनी कापलेले त्यांचे तळवे मी रोज बघत होतो. रिवाजही खरा होता. आदल्या वर्षी वाटा दिवाळीनंतर सुरू झाला म्हणून पहिल्या फेरीचा प्रश्न आला नव्हता, इतकंच. नाना आपल्या गुडघ्यावरची माशी हाकलून म्हणाले, "येतील. मास्तर पुनवेला होडीत बसतील. माजा शब्द."

शब्द देऊन झाला. आणि मास्तरांना कुणी विचारलंच नव्हतं.

आज मला वाटतं, ही चूक समुद्राकाठच्या माणसांकडूनच होऊ शकते. होडीत बसायला माणसाला विचारावं लागतं, हेच आमच्या कुणाच्या मनात येत नाही. मास्तर वर्षभरात एकदाही किनाऱ्यावर उतरले नव्हते, हे सगळ्यांना दिसत होतं. पण सगळ्यांनी धरून चाललेलं, की माळकरी माणूस, मासळीचा वास सोसत नसेल. खाडीपलीकडे तरीने, म्हणजे उतारूंच्या होडीने, पाच मिनिटांत जाता येतं, तिथे ते आठ मैलांचा वळसा घालून जायचे. त्यावरही आम्ही हसायचो. म्हणायचो, मास्तरांना चालण्याचा व्यायाम लागतो.

पौर्णिमेला तीन दिवस असताना नाना मला बरोबर घेऊन मास्तरांच्या घरी गेले. मास्तर भातातलं तण बेणत होते. चिखलाचे हात बांधाच्या पाण्यात धुऊन आले, घोंगडी टाकली, काळा चहा आला. नानांनी हसत हसत पुनवेचं सांगितलं. मास्तरांचा चेहरा असा उतरला की नाना बोलता बोलता थांबले.

"नाना, मला वाटा नको," मास्तर म्हणाले.

"का? वासाचं म्हनत असाल तर नाकाला फडका बांदू."

"वासाचं नाही हो…" मास्तरांनी घोंगडीचं टोक सरळ केलं. मग माझ्याकडे न बघता बोलले. दहा वर्षांचे असताना ते मामाबरोबर तरीने खाडी ओलांडत होते. ती होडी उलटली. मामा गेला. हे वल्ह्याला मिठी मारून राहिले. त्यानंतर घोट्यावर पाणी आलं की त्यांच्या अंगात थरथर सुटायची. "पोरांना मी सांगतो, चेंडूला घाबरू नका. आणि मी स्वतः वहाळ ओलांडताना डोळे मिटतो. हे त्यांना कळू नये एवढंच वाटत होतं." मग ते उठले आणि देवाच्या तसबिरीमागून एक पाकीट काढून आणलं. मुंबईत एका कारखान्यात रखवालदाराची जागा होती. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. "मी जाणार नव्हतो. पण तुम्हाला माझ्यामुळे शब्द फिरवायला लागणार असेल, तर मी गेलेलंच बरं."

नानांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते उठले. परतीच्या वाटेवर सड्यावर धुकं उतरलं होतं. आमचं जाळं त्यात भिजून लोंबत होतं. किनाऱ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी आलो, खाली गड आणि खाडीचं तोंड दिसायला लागलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, मास्तरांच्या जागी मी बसलो तर?"

रिवाजात तेही होतं. खलाशी आजारी असेल तर त्याच्या घरचा माणूस बदली बसू शकतो. पण मग तोच मोसमभर बसतो. मध्ये उतरायचं नाही. पौर्णिमा ऑगस्टमध्ये, मोसम मे महिन्यापर्यंत. दहावीची परीक्षा मार्चमध्ये. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी बोललो होतो.

नाना थांबले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रागावतील, खुळ्या म्हणतील. ते म्हणाले, "चेला म्हंजे घरचाच. बसतोस?… बापसाला विचार." आणि पायऱ्या उतरू लागले.

बाबांना मी विचारलं तेव्हा ते सुपारी कातरत होते. त्यांना माझ्या शाळेचा राग नव्हता, पण त्यांना माणूस हवा होता, आणि माझे खांदे रुंद झाले होते. म्हणाले, "बसायचं तर बस. पन बसलास की बसलास. मंग दप्तराचं नाव काडायचं न्हाय. हाय कबूल?" मी मान हलवली. आईने चुलीपुढून उठून माझं दप्तर खुंटीवरून काढलं आणि माळ्यावर टाकलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली उतरून परत भाकरी थापायला बसली. त्यानंतरचे दोन दिवस मी सरावाला गेलो नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही. मी शाळेच्या घंटेच्या वेळी किनाऱ्यावर होडीला तेल लावत बसायचो आणि घंटा ऐकू येऊ नये म्हणून पोरांशी मोठ्याने बोलायचो. मी काहीतरी मोठं करतो आहे असं मला पहिल्या दिवशी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी फक्त भीती उरली. मास्तर राहतील, सड्यावर पोरं खेळतील, आणि मी होडीतून त्यांचा आवाज ऐकेन… असं ते चित्र दिसायला लागलं.

पौर्णिमेला दुपारी भरतीच्या वेळी आख्खं गाव किनाऱ्यावर उतरलं. सोनेरी कागद लावलेला नारळ नानांनी पाण्याला दिला. बायांनी ओवाळलं. त्या वर्षी समुद्र अजून निवला नव्हता. खाडीच्या तोंडाशी जिथे वाळू वर येते, तिथे लाटा फुटून पांढरी रेघ उठत होती. पहिली फेरी म्हणजे ती रेघ ओलांडून बाहेर जायचं, एक जाळं टाकायचं आणि परत यायचं. होडी पाण्यात लोटली. खलाशी चढले. मी चढलो. नाना सुकाणूवर बसले. त्यांनी मला मधल्या फळीवर बसायला सांगितलं आणि यंत्र चालू करायचं सोडून दोर गुंडाळत बसले. गुंडाळलेला दोर सोडला, परत गुंडाळला.

बाबा म्हणाले, "नाना, भरती थांबनार हाय काय आपल्यासाठी?"

"घाई काय हाय?" नाना म्हणाले. त्यांची नजर पायऱ्यांवर होती.

आणि पायऱ्यांवरून मास्तर आले. धावत नव्हते. एकेक पायरी उतरत होते, चपला हातात, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. बायांनी वाट दिली. वाळू संपली तिथे ते थांबले. पाणी त्यांच्या बोटांना लागलं आणि मागे गेलं. मला एवढ्या दूरवरून त्यांचे पाय थरथरताना दिसत होते. आजूबाजूची पोरं, ज्यांना ते चेंडूला घाबरू नका म्हणून सांगायचे, सगळी उभी राहून बघत होती. मास्तरांनी डोळे मिटले आणि चालायला सुरुवात केली. घोटे, गुडघे, मांड्या… होडीच्या काठाला हात लागल्यावरच त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाले, "उतर."

मी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "आयकू आलं न्हाय? ज्याची जागा तो आलाय. उतर!"

मी उडी मारली. कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो. मास्तरांना वर घ्यायला एक हात पुढे आला. तो माझ्या बाबांचा होता. मास्तर मधल्या फळीवर बसले आणि समोरची ती फुटणारी पांढरी रेघ बघून त्यांचं तोंड राखेसारखं झालं. ते उठायला लागले. नाना सुकाणूवरून म्हणाले, "मास्तर, पान्याला पाठ करा. हिकडं तोंड करून बसा. पान्याकडं बगायचंच न्हाय, माज्याकडं बगा. जोवर मी बसलोय, तोवर तुमी बसा." मास्तर वळले. होडीत सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, एकट्या मास्तरांचं तांडेलाकडे. दोन्ही हातांनी त्यांनी फळी घट्ट धरली होती. यंत्र सुरू झालं, मी होडीला मागून रेटा दिला आणि ती माझ्या हाताखालून निघून गेली.

गडाच्या खालच्या खडकावर उभं राहून आम्ही बघत होतो. त्या रेघेशी होडीचं तोंड आकाशाकडे झालं, मग ती दिसेनाशी झाली. परत दिसली. परत दिसेनाशी झाली, आणि या वेळी इतका वेळ गेला की माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सुंदरकाकींनी माझा दंड धरला. त्यांची नखं माझ्या दंडात रुतली होती. मग पलीकडच्या शांत पाण्यावर डोलकाठी दिसली. मी दप्तर, परीक्षा, सगळं विसरलो होतो. माझ्या मनात एकच होतं : माझ्यामुळे मास्तर त्या होडीत आहेत.

दिवेलागणीला होडी परतली. मास्तरांचे कपडे भिजलेले, छातीवर ओकारीचे डाग, ओठ फुटलेला. दोघांनी धरून त्यांना वाळूवर उतरवलं. ते बसले नाहीत. वाटे लागेपर्यंत उभे राहिले. बाबांनी स्वतःच्या हाताने आठवा ढीग लावला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "ह्यो मास्तरांचा." मास्तर माझ्यापाशी आले. मला वाटलं काहीतरी बोलतील, मोठं असं. "उद्या साडेसहाला," ते म्हणाले. "दप्तर घेऊन ये."

मी घरी गेलो तेव्हा दप्तर माळ्यावरून खाली आलेलं होतं, धूळ पुसून खुंटीला लावलेलं.

मी मोठा खेळाडू झालो नाही. तालुक्याच्या संघात दोन वर्षं खेळलो, एकदा पाच बळी घेतले, एवढंच. पण मी दहावी झालो, बारावी झालो, आणि माझ्यामागून त्या सड्यावरची चौदा-पंधरा पोरं दहावी झाली. मास्तर मुंबईला गेले नाहीत. आणि दर पौर्णिमेला ते होडीत बसले. भीती गेली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण ती गेली नाही. दर वर्षी त्यांचे पाय तसेच थरथरायचे, दर वर्षी ते डोळे मिटून पाण्यात शिरायचे, पाठ समुद्राकडे करून बसायचे, आणि दर वर्षी नाना तेच वाक्य त्याच आवाजात म्हणायचे. सहा वर्षांत मास्तरांनी समुद्र बघितला तो नानांच्या तोंडावर. मला एकदा म्हणाले होते, "मोठी लाट येणार असली की नानांचा डावा डोळा बारीक होतो. मग मी श्वास घेऊन ठेवतो."

जूनमध्ये पदवीचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन नानांकडे गेलो. शाकारलेल्या होडीच्या आडोशाला ते जाळं विणत बसले होते. दम लागत होता, पण सुई थांबत नव्हती. "बी. कॉम. म्हंजे काय करनार आता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हिशेब. म्हणाले, "इतकी वर्सं वाटे पाडले, कुनी बी. कॉम. न्हवता. तरी भांडनं व्हायचीच." आम्ही हसलो. मग इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं मी विचारलं. मास्तरांना कुणी कळवलं होतं, की मी त्यांच्या जागी बसतोय?

"मी न्हाय," नाना म्हणाले. "तुजी काकी वर भाजीला गेली हुती."

"आणि काकीला भाजीला कुणी धाडलं?"

त्यांनी सुईतला दोरा दातांनी तोडला.

"नाना, मास्तर आलेच नसते तर?"

आता ते थांबले. माझ्याकडे त्याच नजरेने बघितलं, जसं त्या दिवशी पायऱ्यांपाशी बघितलं होतं. "तर तू बसला हुतास ना होडीत. मोसमभर बसला असतास." थोड्या वेळाने म्हणाले, "मी दोर दोनदा गुंडाळला. तिसऱ्यांदा गुंडाळला नसता, अन्या. भरती थांबत न्हाय." त्यांनी पेढा उचलून हातात धरला. "झोप लागली न्हवती त्या दोन दिसांत," शेवटी एवढंच म्हणाले, आणि पेढा खाल्ला.

हे उत्तर मला गोड लागलं नाही. अजूनही लागत नाही. माझं आख्खं शिक्षण एका दोराच्या दोन गुंडाळ्यांवर टांगलेलं होतं, आणि ते टांगणारा माणूस हे जाणून होता. पण त्यांनी मला खोटं सांगितलं नाही. मला वाटतं, मी पदवीधर झालो म्हणूनच त्यांनी ते सांगितलं. तोवर मी त्यांच्या लेखी सांभाळायचं पोर होतो.

नाना गेले त्यानंतर महिन्याने यंदाची पौर्णिमा आली. नानांचा मुलगा मुंबईत असतो, तो समुद्रावर जात नाही. खलाशांनी सुकाणू बाबांच्या हाती दिलं. मी आदल्या दिवशीच घरी गेलो होतो. बाबांना विचारायचं धाडस झालं नाही. मास्तरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, "वाटा सोडावा असं मनात आहे. ज्याच्याकडे बघायचं तो माणूसच नाही. मी कुणाकडे बघू?" त्यांच्या मागे अंगणात बारकी बारकी सहा दप्तरं एका रांगेत ठेवलेली होती. त्यांचे मालक विहिरीवर चेंडू धुवायला गेले होते.

दुपारी भरतीला होडी पाण्यात लोटली. बाबा सुकाणूवर बसले. नानांची जागा त्यांना मोठी होत होती, ते जरा काठाशीच बसले होते. मी त्याच जागी कमरेइतक्या पाण्यात होडीला हात लावून उभा होतो. मधली फळी रिकामी होती. एक तरणा खलाशी म्हणाला, "चला की, कुनाची वाट बगताय?" बाबांनी दोर उचलला आणि गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळला. सोडला. परत गुंडाळू लागले. त्यांची नजर पायऱ्यांवर होती.

मास्तर आले. चपला हातात. आता केस पिकलेत, उतरायला वेळ लागला. वाळू संपली तिथे थांबले, डोळे मिटले, पाण्यात शिरले. मी हात दिला, बाबांनी वरून हात दिला. ते मधल्या फळीवर पाठ समुद्राकडे करून बसले आणि मान खाली घातली. समोर सुकाणूवर कोण आहे हे त्यांना बघायचं नव्हतं, असं मला वाटलं. खाडीच्या तोंडाशी ती पांढरी रेघ उठत होती, विरत होती.

मग बाबा घसा साफ करून म्हणाले, "मास्तर… हिकडं. माज्याकडं बगा."

मास्तरांनी मान वर केली. मी होडीवरचा हात काढला.